बिजाचे पाणी आणि शास्त्राची कसोटी

सातपुड्याचे पठार जेथे नागपूरच्या मैदानाकडे उतरू लागते, त्या उतारावर पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली वसल्या आहेत. देवगडच्या गोंड राजांच्या, पुढे नागपूरकर भोसल्यांच्या आणि त्यानंतर मध्यप्रांताच्या अंमलाखाली राहिलेला हा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्यप्रदेशाकडे राहिला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यापासून निघून त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी येथील घराघरांतून मराठी बोलली जाते, संत्र्याच्या बागायतदाराचा व्यवहार नागपूरशी चालतो, आणि दुखणे हाताबाहेर गेले की रुग्णाला घेऊन मोटारही नागपूरच्याच रस्त्याला लागते. परंतु त्या शेवटच्या प्रवासापूर्वी रुग्णाने बहुधा दोन उंबरे ओलांडलेले असतात. एक उंबरा गावच्या दवाखान्याचा. आणि दुसरा, ज्याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात होत नाही, तो जडीबुटी देणाऱ्या भूमकाचा, वैदूचा, किंवा घरातल्याच एखाद्या जाणत्या म्हाताऱ्या बाईचा.

या दुसऱ्या उंबऱ्याविषयी आपल्या सुशिक्षित समाजात दोन वृत्ती रूढ झाल्या आहेत. पहिली वृत्ती अशी की, जे पूर्वापार चालत आले ते सिद्धच आहे, त्याची परीक्षा मागणे म्हणजे पूर्वजांचा अधिक्षेप होय. आणि दुसरी अशी की, जे प्रयोगशाळेतून आले नाही ते सर्व अज्ञानमूलक आहे, त्याची परीक्षा करण्यात वेळ घालविणे हाच मुळी शास्त्राचा अधिक्षेप होय. दोन्ही पक्ष एकमेकांवर कितीही तुटून पडोत, एका गोष्टीत त्यांचे पूर्ण एकमत आहे, आणि ती म्हणजे परीक्षा नको. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. वनौषधीला जो सन्मान देता येण्यासारखा आहे तो तिची कसून, चिकाटीने आणि निकाल काहीही लागला तरी तो मान्य करण्याच्या तयारीने परीक्षा घेण्यातच आहे. आणि ही परीक्षा दिल्लीत वा मुंबईत होऊन येथे तिचा हुकूम यावा असे नव्हे, तर जेथे ती वनस्पती उगवते आणि जेथे ती पोटात घेतली जाते, त्या या मुलखातच तिची सुरुवात झाली पाहिजे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सातपुड्याच्या जंगलात साग, धावडा आणि सालई यांच्या सोबतीने बिजा उभा असतो. पश्चिम महाराष्ट्रात त्यालाच बिबळा म्हणतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तो असन अथवा बीजक या नावाने येतो, आणि प्रमेहावरील औषधांत त्याची गणना होते. त्याच्या खोडाला खाच पाडली असता रक्तासारखा लाल डिंक पाझरतो, आणि हा डिंक ‘किनो’ या नावाने ब्रिटिश औषधसंहितेत एके काळी स्तंभक औषध म्हणून दाखल होता. या झाडाच्या गाभ्याच्या लाकडाचे कातीव पेले मध्य भारतातील बाजारांतून विकले जातात. रात्री पेल्यात पाणी भरून ठेवावे, सकाळपर्यंत त्याला तांबूस-पिवळा रंग चढतो, उजेडात धरले तर त्यावर निळसर झाक दिसते, आणि हे पाणी अनशापोटी घेतल्याने मधुमेह आटोक्यात राहतो अशी समजूत आहे. रंगाचा हा पालट इतका प्रत्यक्ष असतो की, पाहणाऱ्याला आणखी पुराव्याची गरज वाटत नाही.

शास्त्राने या बिजाकडे पाठ फिरविली नाही, हे प्रथम कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत काही भारतीय संशोधकांनी बिजाच्या सालीतील एपिकॅटेचिन हे द्रव्य वेगळे काढून, मधुमेह उत्पन्न केलेल्या उंदरांमध्ये इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी त्यामुळे पुन्हा वाढतात असा निष्कर्ष मांडला. तो निष्कर्ष खरा ठरता तर वैद्यकाच्या इतिहासात ती केवढी मोठी घटना झाली असती! परंतु परदेशांतील अन्य प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तो फलद्रूप झाला नाही, आणि एका प्रयोगाचे फळ दुसऱ्याच्या हाती लागत नसेल तर ते फळ धरावयाचे नाही, या शास्त्राच्या शिरस्त्याप्रमाणे तो दावा मागे पडला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रश्न निराळ्या रीतीने, म्हणजे रुग्णाच्या बाजूने हाती घेतला. मधुमेहाचे निदान नुकतेच झालेल्या ९७ रुग्णांना चार केंद्रांत बिजाचा अर्क गरजेप्रमाणे कमी-अधिक मात्रेने देण्यात आला, आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे १२ आठवड्यांच्या अखेरीस त्यांपैकी ६७ जणांची रक्तशर्करा नियंत्रणात आली. उपद्रवही नोंदला गेला नाही.

ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे, आणि ती अर्धीच सांगणे हे तितकेच लाजिरवाणे आहे. या परीक्षेत औषध घेणारा आणि देणारा या दोघांनाही औषध कोणते ते माहीत होते. तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट नव्हता. रुग्ण नव्या आणि सौम्य मधुमेहाचे होते, वर्षानुवर्षे इन्शुलिनवर असलेले नव्हते. आणि निदान होताच आहार-विहारात जो संयम येतो त्याचाही वाटा या यशात असू शकतो. शिवाय परीक्षा झाली ती मोजून दिलेल्या अर्काची. बाजारातल्या पेल्याचे काय? नवा असताना पेल्यातून पाण्यात जो अंश उतरतो तोच तीन महिन्यांच्या वापरानंतर उतरेल, हे कशावरून? पेला खरोखर बिजाच्या गाभ्याचा आहे, की तशाच रंगाच्या दुसऱ्या लाकडाचा, याची खातरजमा कोणी केली? ९७ रुग्णांच्या त्या अहवालाच्या जोरावर आज जो पेला विकला जातो, त्या पेल्याचा त्या अहवालाशी असलेला संबंध नावापुरताच आहे. आणि या पाण्याच्या भरवशावर एखादा शेतकरी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करतो, पायाला जखम झाली तरी ती दुखत नाही म्हणून कामावर जात राहतो, आणि पाय काळा पडल्यावर नागपूर गाठतो, तेव्हा त्या पायाची किंमत बाजारात पेला विकणारा भरून देत नाही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय विषयक कायद्याने बंदी घातलेली आहे, ती काही उगाच नव्हे.

वनौषधीची परीक्षा नीट झाली म्हणजे काय घडते, हे पाहावयाचे असेल तर मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचे कार्य पाहावे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे सर्पदंशावर, उन्मादावर आणि निद्रानाशावर शतकानुशतके वापरली जात होती. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या मुळीने रक्तदाब उतरतो असे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातील एक द्रव्य वेगळे काढून त्याला हकीम अजमलखान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ हे नाव दिले. परंपरेचा आदर शास्त्राने कसा करावा, याचे इतके शालीन उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. पुढे वकिलांनी ही मुळी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, प्रत्येकाचा दाब आधी आणि नंतर पद्धतशीर मोजून, आपले निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि जगाचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसरपीन वेगळे काढले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले.

परंतु या कथेचा उत्तरार्ध आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. रेसरपीन घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नतेने ग्रासल्याच्या नोंदी झाल्या, मात्रेविषयी सावधगिरी सांगण्यात आली, आणि अधिक सोयीची औषधे निघाल्यावर त्याचा वापर ओसरला. यात सर्पगंधेची नामुष्की नाही. ती काय करते, किती मात्रेने करते, कोणाला तिच्यापासून अपाय संभवतो, हे सर्व तिच्याविषयी आज सांगता येते. तामियाजवळच्या पाताळकोट दरीतल्या एखाद्या मुळीविषयी आपल्याला यांपैकी एकही गोष्ट अधिकाराने सांगता येत नसेल, तर त्या मुळीचा गौरव करणारी भाषणे कितीही झाली तरी ती अप्रतिष्ठितच राहिली आहे असे मी म्हणेन.

अपायाचा विषय निघाला आहे तर त्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण ‘झाडपाल्याने फायदा झाला नाही तरी तोटा तर होत नाही’ हे वाक्य आपल्या भागात इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते की, त्याचीच प्रथम परीक्षा व्हावयास हवी. १९९३ मध्ये बेल्जियममधील वैद्यांनी असे जाहीर केले की, ब्रुसेल्सच्या एका चिकित्सालयात वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींची औषधे घेतलेल्या तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होत आहेत; पुढे अशा रुग्णांची संख्या शंभराच्या वर गेली. शोध घेता असे आढळले की, औषधात जी वनस्पती असावयास हवी होती तिच्या जागी नावाने सारखी असलेली, परंतु ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच वनस्पती आली होती, आणि तिच्यातील आम्लाने हा घात केला होता. हे आम्ल मूत्रपिंडे तर नष्ट करतेच, पण मूत्रमार्गाच्या कर्करोगासही कारण होते. ही परमुलखातील गोष्ट म्हणून सोडून द्यावी तर त्याच कुळातील ईश्वरी ऊर्फ सापसंद ही वेल आपल्याकडे सर्पदंशावर म्हणून वापरली जाते, आणि तिच्या भावंडाला, म्हणजे किडामारीला, आपण जंतांवर आणि गुरांच्या जखमांवर उपयोगात आणतो. मूत्रपिंड हे असे इंद्रिय आहे की, ते निम्म्याहून अधिक बिघडेपर्यंत हूं की चूं करीत नाही. म्हणून आज दिलेल्या मुळीचा परिणाम सहा-आठ वर्षांनी दिसला तर देणाऱ्याला तो कधी कळतच नाही. भूमका खोटे बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर जे घडते तेवढेच तो पाहतो, आणि इतका लांबचा परिणाम पाहण्यासाठी एका माणसाची दृष्टी पुरत नाही, त्याला हजारो रुग्णांची जपलेली नोंद लागते.

गुळवेलीची हकीकत तर आणखी जवळची आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांचे सहकारी यांनी आयुर्वेदीय औषधांचा आधुनिक पद्धतीने अभ्यास करण्याची जी परंपरा घातली, तीत पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेल दिली असता काय होते याची परीक्षा त्यांनी केली, आणि १९९३ मध्ये तिचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे करोनाच्या साथीत, प्रतिकारशक्ती वाढते म्हणून, हीच वेल घरोघर रोज सकाळी उकळून पिण्यात येऊ लागली. आणि २०२१ मध्ये मुंबईच्याच यकृततज्ज्ञांनी असे सहा रुग्ण नोंदविले, की ज्यांच्या यकृताला गुळवेलीच्या सेवनानंतर इजा झाली होती. पुढील वर्षी देशातील अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पहिल्या अहवालावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, आणि त्या हरकतीचा मुख्य मुद्दा असा होता की, रुग्णांनी जी वेल घेतली ती खरी गुळवेलच कशावरून, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात कशावरून नव्हे? मुद्दा रास्त होता. परंतु वेल वापरण्याचा उपदेश घरोघर पोहोचविण्यापूर्वी हा मुद्दा उपस्थित झाला असता, प्रत्येक गावात खऱ्या वेलीची ओळख पटविणारा एक जाणता माणूस आणि प्रत्येक महाविद्यालयात तिचा वाळवून ठेवलेला नमुना असता, तर त्या रुग्णांचे आणि गुळवेलीचे, दोघांचेही हित झाले असते.

वनस्पतीची ओळख हा या शास्त्राचा पाया आहे. शंखपुष्पी म्हणून देशाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. ब्राह्मीच्या नावाखाली दोन अगदी भिन्न वनस्पती चालतात. पांढुर्ण्याच्या आसपास तर मराठी, हिंदी, पवारी, गोंडी आणि कोरकू अशा अनेक बोलींतून एका झाडाला अनेक नावे आणि एका नावाला अनेक झाडे मिळतात. अशा स्थितीत ‘अमुक मुळीने मुतखडा पडतो’ हे वाक्य कितीही प्रामाणिक असले तरी, ती मुळी फुला-फळांसह दाबून, वाळवून, जागा आणि तारीख घालून संग्रहात ठेवलेली नसेल तर, ते वाक्य शास्त्राच्या दृष्टीने निराधार राहते. मराठीत हे काम अगदीच झाले नाही असे नाही, डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ १९२७ मध्ये निघाला, आणि अशा ग्रंथांनी घातलेला पाया आजही भक्कम आहे. परंतु त्या पायावर या भागात पुढे इमारत उठली नाही.

दुसरी गोष्ट अपयशांच्या नोंदीची. विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज वैद्याला श्रॉपशरमधील एका वृद्धेच्या घराण्यातली गुप्त कृती कळली. सर्वांगाला सूज आलेले रुग्ण तीमुळे बरे होत. त्या कृतीत वीसहून अधिक वनस्पती होत्या, आणि त्यांतली काम करणारी एकच, डिजिटॅलिस, त्याने हुडकून काढली. दहा वर्षे ती रुग्णांना देऊन १७८५ मध्ये त्याने जो ग्रंथ लिहिला, त्याची थोरवी अशी की, बरे झालेल्यांबरोबरच न बरे झालेले, मात्रा अधिक होऊन ओकाऱ्यांनी हैराण झालेले आणि दगावलेले रुग्णही त्याने त्यात प्रांजळपणे मांडले. आपल्या परंपरेत उणीव आहे ती नेमकी येथे. बरा झालेला रुग्ण नारळ घेऊन परत येतो आणि गावभर सांगतो. न बरा झालेला परत येतच नाही. शंभरांतील तीस जरी आपोआप बरे होणारे असले तरी देणाऱ्याच्या पदरी तीस साक्षीदार जमा होतात आणि सत्तर जण मुकाट्याने दुसऱ्या वाटेला लागतात.

या शंभरांत सिकलसेलचेही रुग्ण असतात, याचे मला विशेष दुःख वाटते. विदर्भात आणि सातपुड्यातील आदिवासी वस्त्यांत हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणात आहे. २०२३ च्या जुलैत शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या विकाराच्या वेदना येतात आणि काही दिवसांनी ओसरतात. त्यामुळे त्या दिवसांत जे काही दिले असेल, पाला, अंगारा वा ताईत, त्यालाच यश मिळते. रक्ताची तपासणी, हायड्रॉक्सियुरिया ही गोळी आणि विवाहापूर्वीचा सल्ला यांनी जे साधते ते कोणत्याही मुळीने साधत असल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, आणि हे आपण भूमकालाच पटवून दिले, त्यालाच रुग्ण ओळखून पाठविणारा मदतनीस केले, तर जे काम सरकारी फलकांनी होत नाही ते होईल, कारण त्याच्या शब्दावर गावाचा विश्वास आहे. जेथे स्वस्त आणि खात्रीचे औषध मिळते तेथे जुन्याचा हट्ट धरू नये, हेही येथेच सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमार जत्रेत जांब नदीच्या पात्रात ज्याचे झाड रोवतात त्या पळसाच्या बिया, म्हणजे पळसपापडी, जंतांवर देण्याची चाल जुनी आहे. परंतु अल्बेंडाझोलची गोळी शाळेत फुकट मिळत असताना लेकरांना पळसपापडी देण्यात काही शहाणपण नाही.

याचा अर्थ गोळी आणि बाटली आपोआप निर्दोष असते असा मात्र कोणी घेऊ नये. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या शेजारच्या परासिया भागात खोकल्याच्या औषधाने विसांहून अधिक बालकांचे प्राण घेतले. कित्येकांनी नागपूरच्या रुग्णालयांत शेवटचा श्वास घेतला. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष तब्बल ४८.६ टक्के असल्याचे तपासणीत निघाले. त्या काळात ‘पाहा, यापेक्षा आमचा काढा बरा’ असे बोलणे अनेकांच्या तोंडी आले, आणि त्या आईबापांची दशा पाहून तसे वाटणाऱ्यांना दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. परंतु ती बालके आधुनिक औषधशास्त्रामुळे दगावली नाहीत, तर त्या शास्त्राने सांगितलेली तपासणी वेळेवर न झाल्यामुळे दगावली. विष सापडले ते रासायनिक परीक्षेनेच. बाटलीची तपासणी सक्तीने व्हावी असा आग्रह आज ज्यांनी धरला आहे, त्यांनी काढ्याच्या पुडीचीही तीच तपासणी मागितली पाहिजे. पोटात जाणाऱ्या जिनसाला कुळाची सवलत नसते.

येथे श्रद्धेचा प्रश्न मी मुद्दाम बाजूला ठेवतो. सौंसर तहसिलीतील जामसावळीला हनुमंताच्या दर्शनाला दूरदूरचे रुग्ण येतात आणि मूर्तीच्या नाभीतून येणारे जल प्रसाद म्हणून घेतात. प्रसाद प्रसाद म्हणून घेतला जातो तोवर त्याची परीक्षा करण्याचे शास्त्राला प्रयोजन नाही; मात्र औषध म्हणून दाम घेऊन जे दिले जाते ते, देणारा कोणीही असो, परीक्षेला बांधलेले आहे.

आता न्यायाची बाजू. परीक्षा आम्ही देऊ, पण फळ कोण खाणार, असा प्रश्न भूमकाने विचारला तर तो सर्वस्वी रास्त आहे. हळदीने जखम भरते या, आपल्या आजीला ठाऊक असलेल्या गोष्टीवर १९९५ मध्ये अमेरिकेत एकस्व दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हानित केले, आणि जुने लिखित पुरावे दाखल करून १९९७ मध्ये ते रद्द करविले. हळदीला लिखित पुरावा होता म्हणून ती वाचली. ज्याचे ज्ञान केवळ मुखपरंपरेने चालत आले आहे, त्या भारिया वा गोंड आदिवासीने कोणता ग्रंथ दाखल करावा? केरळातील काणी लोकांच्या बाबतीत याला एक वाट सापडली होती. त्यांच्या वाटाड्यांनी १९८७ मध्ये संशोधकांना थकवा घालविणारी एक वनस्पती दाखविली. तीवरून तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान-संस्थेने ‘जीवनी’ हे औषध तयार केले, १९९५ मध्ये ते बनविण्याचा परवाना एका औषधशाळेला दिला, आणि परवान्याच्या दहा लाख रुपयांतील व विक्रीवरील दोन टक्क्यांतील निम्मा हिस्सा काणी लोकांच्या न्यासाकडे गेला. पुढे वनस्पती तोडण्यावरून वनखात्याशी तंटे झाले, सर्व काही सुरळीत चालले नाही. तरी मोबदल्याचे तत्त्व तेथे रुजले.

आपल्याकडे तत्त्व कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती आणि लोक-जैवविविधता नोंदवही असावी असे ठरविले; जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातील पाताळकोट, म्हणजे तामियाजवळील ती बारा गावांची खोल दरी, २०१९ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाली. परंतु २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष वैद्यांना आणि ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना हिस्सा देण्याच्या बंधनातून सूट दिली. माझ्या मते ही दुरुस्ती आदिवासीच्या हिताची नाही. मुळी ग्रंथात आहे आणि भूमकाच्या झोळीतही आहे, अशा वेळी ग्रंथाचे नाव पुढे करून झोळीवाल्याला वगळण्याची वाट तिने मोकळी केली आहे. आणि बिजासारख्या झाडाला, ज्याची गणना आंतरराष्ट्रीय यादीत संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत होते, राखण्यात ज्याचा वाटा आहे त्यालाच वगळणे हे झाडाच्याही मुळावर येणारे आहे.

तेव्हा करावयाचे काय? पांढुर्णा जिल्ह्याचे दप्तर नवे आहे. त्याचे शिरस्ते अजून घट्ट झालेले नाहीत, आणि म्हणूनच आज जे मागावयाचे ते मागण्यास हा काळ अनुकूल आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घातल्यावर देशभर घाईघाईने भरल्या गेलेल्या नोंदवह्या बाजूस ठेवून, येथील ग्रामपंचायतींनी भूमकांना आणि जाणत्या स्त्रियांना सन्मानाने बोलावून, त्यांच्या संमतीने व त्यांच्या नावे, त्या नव्याने लिहाव्यात. सरकारी महाविद्यालयांनी जिल्ह्याचा वनस्पतिसंग्रह उभा करावा. छिंदवाड्याजवळ पोआमा येथे वनसंशोधन केंद्र आहे, छिंदवाड्यात वैद्यकीय महाविद्यालय आणि राजा शंकरशाह विद्यापीठ आहे, नागपूरला विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आणि आयुर्वेद महाविद्यालये आहेत. राज्याची सीमा आड न आणता या संस्थांनी बिजाच्या पेल्यासारखा एक प्रश्न, एकच, निवडावा आणि तो पुरता सोडवावा: पेल्यातून पाण्यात काय उतरते, किती दिवस उतरते, आणि डॉक्टरांची औषधे चालू असलेल्या रुग्णाला त्याने लाभ होतो की नाही. निकाल ‘नाही’ असा आला तर तोही पांढुर्ण्याच्या बाजारात मराठीतून, दवंडी पिटून जाहीर करावा.

आणि वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरी कोणी वडीलधारी व्यक्ती औषधी पाला-मुळी देत असेल, तर तिच्याशेजारी वही घेऊन बसा. झाड कोणते, त्याचा भाग कोणता, मात्रा किती, कोणाला दिली आणि पुढे त्याचे काय झाले, हे बऱ्या झालेल्याचे आणि न झालेल्याचेही लिहून काढा, आणि झाडाची फुलासहित एक डहाळी कागदांत दाबून जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांकडे पोहोचवा. हे सर्व करीत असता साखरेची, रक्तदाबाची किंवा सिकलसेलची जी गोळी डॉक्टरांनी लिहून दिली आहे, ती एक दिवसही बंद करू नका.